चित्रापुढचे बोलणे

कलासंग्रहालय म्हटले की सर्वसामान्य माणसाच्या डोळ्यांपुढे एक निःशब्द वास्तू उभी राहते. उंच भिंती, त्यांवर ओळीने टांगलेली चित्रे, कोपऱ्यात स्टुलावर बसलेला रखवालदार आणि 'हात लावू नये' अशी पाटी. आधुनिक आणि समकालीन कलेच्या संग्रहालयांनी मात्र ही शांतता केव्हाच मोडली आहे. अशा कोणत्याही मोठ्या संग्रहालयाचे महिन्याचे कार्यक्रमपत्रक हाती घ्यावे, तर त्यात बोलण्याचीच गर्दी आढळते. कलावंताशी संवाद, प्रदर्शनाची मांडणी करणाऱ्या क्युरेटरसमवेत फेरी, परिसंवाद, मुलांसाठी कार्यशाळा, शिक्षकांसाठी व्याख्याने असा तो भरगच्च बेत असतो. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने व्हिक्टर डॅमिको यांच्या हाती शिक्षणाचे कार्य सोपविले ते १९३७ साली. पुढे १९७२ साली जर्मनीतील कासेल येथे 'डोक्युमेंटा' प्रदर्शन भरले, तेव्हा योसेफ बॉइस हा कलावंत तेथे १०० दिवस बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांशी लोकशाहीविषयी चर्चा करीत राहिला. त्याच्या लेखी ती चर्चा हीच कलाकृती होती!

चित्रांचे परीक्षण होते, पुस्तकांचे होते, नाटकांचे तर होतेच होते. परंतु चित्रापुढे उभे राहून जे बोलले जाते, त्याचे परीक्षण सहसा कुणी करीत नाही. ते येथे थोडेसे करावे असा आमचा विचार आहे. चित्रकलेतील अधिकार आम्ही सांगत नाही. मात्र दुसऱ्याच्या शब्दापुढे उभे राहून बोलण्याचे काम आम्हां धर्मगुरूंच्या वाट्याला दर रविवारी येते. सेमिनरीत प्रवचनशास्त्राच्या तासाला एक गोष्ट आमच्या मनावर पुनःपुन्हा बिंबविली गेली होती. प्रवचनकाराने शुभवर्तमान आणि श्रोता यांच्या मधोमध उभे राहू नये, बाजूला उभे राहावे. श्रोत्याला जे ठाऊक असणे शक्य नाही ते त्याला सांगावे आणि पुढचे काम त्याच्या अंतःकरणावर सोपवावे. हाच निकष चित्रापुढच्या बोलण्याला लावून पाहिला तर काय दिसते?

या दृष्टीने जर्मनीतील कोलोन शहरातले 'कोलुम्बा' हे संग्रहालय आम्हांला फार बोधप्रद वाटते. ते कोलोनच्या सरधर्मप्रांताचे कलासंग्रहालय आहे. १८५३ साली ख्रिस्ती कलेसाठी स्थापन झालेल्या एका मंडळाने त्याचा पाया घातला आणि १९८९ पासून त्याची जबाबदारी सरधर्मप्रांताकडे आली. त्याची आजची इमारत पीटर त्सुमथोर या स्विस वास्तुशिल्पज्ञाची असून ती सप्टेंबर २००७ मध्ये खुली झाली. ज्या जागी ती उभी आहे तेथे संत कोलुम्बाचे मध्ययुगीन चर्च होते. दुसऱ्या महायुद्धातील बाँबवर्षावात ते जमीनदोस्त झाले; पण पवित्र मरियेचा एक पुतळा त्या पडझडीत बचावला. त्या पुतळ्यासाठी गॉटफ्रीड ब्योम यांनी १९५० साली तेथे एक लहानसे चॅपेल बांधले आणि लोक त्याला 'भग्नावशेषांतील माता' म्हणू लागले. त्सुमथोर यांनी पडक्या भिंती, ते चॅपेल आणि उत्खननात सापडलेले अवशेष या सर्वांना राखी विटांच्या एकाच वास्तूच्या पोटात घेतले. जुने झाकले नाही, पाडलेही नाही.

या संग्रहालयाची शिस्त पाहण्यासारखी आहे. तेथे कलाकृतीशेजारी पाटी नसते. कलावंताचे नाव, वर्ष, माध्यम असे काहीही भिंतीवर लिहिलेले नसते. प्रवेश करतानाच पाहुण्याच्या हाती एक पुस्तिका दिली जाते. हवी तेव्हा ती उघडावी, नको तर मिटून ठेवावी. मध्ययुगीन क्रूसमूर्तीच्या शेजारी आजच्या कलावंताची कृती मांडलेली असते आणि ही मांडणी दर वर्षी सप्टेंबरमध्ये बदलते. दुपारचा वेळ ज्याने त्याने आपल्या डोळ्यांनी पाहण्यासाठी राखलेला असतो. मार्गदर्शकासह फेऱ्या असतात त्या या वेळेच्या बाहेर. आत महोगनी लाकडाने मढविलेली एक वाचनाची खोलीही आहे. तात्पर्य, तेथे बोलण्याला बंदी नाही, परंतु बोलण्याला त्याची वेळ नेमून दिलेली आहे.

कुणी म्हणेल, मग बोलायचेच कशाला? पाहावे आणि घरी जावे! या प्रश्नाचे उत्तर त्याच वास्तूत, जुन्या चर्चच्या सॅक्रिस्टीच्या उघड्या जागेत उभे आहे. रिचर्ड सेरा या अमेरिकन शिल्पकाराची ती कृती. पोलादाचे दोन जाडजूड काटकोनी तुकडे परस्परांना टेकून उभे आहेत. एक काढला तर दुसरा कोसळेल. डोळ्यांना दिसते ते एवढेच. आता यात भर घालूया. ही कृती १९९२ साली कोलोनजवळच्या श्टोमेल्न या गावातील एका सिनेगॉगमध्ये, म्हणजे यहुदी प्रार्थनामंदिरात, प्रथम मांडली गेली होती. तिचे नाव 'बुडालेले आणि वाचलेले'. आउशवित्झच्या छळछावणीतून जिवंत परतलेले इटालियन लेखक प्रिमो लेव्ही यांच्या अखेरच्या पुस्तकाचे ते नाव. यहुदी प्रार्थनामंदिरातून निघालेले ते पोलाद आज एका उद्ध्वस्त कॅथॉलिक चर्चच्या जागेत उभे आहे. एवढे कळल्यावर त्या दोन तुकड्यांचे एकमेकांना टेकणे आपण पूर्वीसारखे पाहू शकतो काय? आणि हे कुणी सांगितल्याशिवाय नुसत्या डोळ्यांना कळले असते काय?

चित्रापुढच्या बोलण्याची जागा नेमकी इथे आहे. डोळ्याला जे सापडणार नाही ते सांगावे. कृती कुठून आली, कुणासाठी घडली, तिच्यासाठी कुणी किंमत मोजली, ती निवडली कुणी, हे सारे सांगण्यासारखे आहे. परंतु ती सुंदर आहे की कुरूप, पवित्र आहे की पाखंडी, हा निर्णय पाहणाऱ्याच्या डोळ्याआधी त्याच्या कानात ओतणे, हा त्याच्या डोळ्यांचा अपमान आहे.

हा अपमान किती थराला जाऊ शकतो, याचेही उदाहरण जर्मनीतच घडले. १९ जुलै १९३७ रोजी म्युनिक येथे नाझी राजवटीने एक प्रदर्शन उघडले. त्याला नाव दिले होते 'अधःपतित कला'. सरकारी संग्रहालयांतून जप्त केलेल्या आधुनिक कृतींपैकी सुमारे ६५० तेथे मांडल्या होत्या. मांडल्या म्हणजे वेड्यावाकड्या टांगल्या होत्या आणि भिंतींवर त्यांची टर उडविणारी वाक्ये मोठ्या अक्षरांत रंगविली होती. प्रवेश करताच पाहुण्याला सामोरा येई तो लुडविग गीस यांनी कोरलेला क्रूसावरील ख्रिस्त. तो ल्यूबेकच्या कॅथेड्रलमधून आणलेला होता. एमिल नोल्ड यांची ख्रिस्तजीवनावरील चित्रमालाही तेथेच होती. लक्षावधी लोकांनी ते प्रदर्शन पाहिले असे इतिहास सांगतो. पण आम्हांला वाटते, पुष्कळांनी ते पाहिले नाही, फक्त वाचले. भिंतीवरील शब्दांनी चित्राचा निवाडा आधीच करून ठेवला होता.

ही पार्श्वभूमी ध्यानात घेतली म्हणजे २००७ सालच्या एका प्रसंगाचे गांभीर्य कळते. त्या वर्षी २५ ऑगस्टला कोलोनच्या कॅथेड्रलमध्ये दक्षिणेकडील भव्य खिडकीचे अनावरण झाले. ती खिडकी गेरहार्ड रिश्टर यांनी केली होती. तेथे संतांच्या किंवा हुतात्म्यांच्या आकृती नाहीत. ७२ रंगांचे ११,००० हून अधिक काचेचे चौकोन तेथे बसविले आहेत आणि ऊन आले की दगडी फरशीवर रंगांचा सडा पडतो. विसाव्या शतकातील हुतात्म्यांची चित्रे तेथे असावीत अशी मूळ कल्पना होती. त्यामुळे सरमहागुरू कार्डिनल योआखिम माइस्नर यांना ही खिडकी रुचली नाही. ती मशिदीत किंवा अन्य एखाद्या प्रार्थनागृहात अधिक शोभेल, असे त्यांचे मत प्रसिद्ध झाले. पुढे १४ सप्टेंबरला, कोलुम्बा संग्रहालयाच्या उद्घाटनानिमित्त कॅथेड्रलमध्ये प्रवचन करताना, उपासनेपासून तुटलेली संस्कृती अधःपतित होते, अशा आशयाचे विधान त्यांनी केले. आणि त्यासाठी जर्मन भाषेतला नेमका तोच शब्द वापरला, जो १९३७ साली म्युनिकच्या प्रदर्शनावर झळकला होता! देशभर खळबळ उडाली. नाझी विचाराशी आपला संबंध जोडू नये, आपला हेतू तसा नव्हता, असे त्यांनी नंतर स्पष्ट केले.

कार्डिनल माइस्नर २०१७ साली निवर्तले. त्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे आम्हांला कारण नाही. साम्यवादी पूर्व जर्मनीत ख्रिस्तसभेची धुरा वाहिलेला तो निष्ठावंत मेंढपाळ होता. उपासना आणि कला यांचे नाते तुटू नये, ही त्यांची तळमळही खोटी नव्हती. परंतु टीकाकाराला शब्दांची परीक्षा करणे भागच आहे. ज्या संग्रहालयाने पाहुण्याच्या डोळ्यांवर विश्वास ठेवून भिंतीवरच्या पाट्यासुद्धा उतरविल्या, त्याच्याच उद्घाटनाच्या दिवशी वेदीवरून एक मोठी पाटी सर्व आधुनिक कलेवर लावली गेली. त्या शब्दाने कुणाचेही डोळे उघडले नाहीत. खिडकी काय सांगते, प्रकाश फरशीवर कसा उतरतो, हे पाहण्याऐवजी लोक महिनोन्महिने त्या एका शब्दावर भांडत राहिले. वक्ता चित्राच्या बाजूला उभा न राहता मधोमध उभा राहिला की असे होते.

आपल्याकडेही हा दोष नवा नाही. गोमंतकाचे सुपुत्र आन्जेलो द फोन्सेका (१९०२-१९६७) शांतिनिकेतनात शिकून आले आणि त्यांनी साडी नेसलेली, भारतीय चेहऱ्याची मरियामाता रंगविली. गोव्यातील तत्कालीन धर्माधिकाऱ्यांना ती सहन झाली नाही. अखेर त्यांना आसरा मिळाला तो पुण्यातील ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात आणि तेथेच त्यांनी आयुष्यभर ब्रश चालविला. आज त्यांची चित्रे गोव्यातील झेवियर सेंटरमध्ये आदराने जतन केली आहेत. त्या काळी कुणी त्यांना समोर बसवून, 'बाबा रे, ही माता तुला अशी का दिसली?' एवढे विचारले असते तर? कलावंताशी संवाद नावाचा जो कार्यक्रम आज संग्रहालये करतात, त्याचे सार या एका प्रश्नात आहे.

असा प्रश्न विचारण्याचे धैर्य ख्रिस्तसभेच्या सर्वोच्च पीठाने दाखविले, हेही नमूद केले पाहिजे. ७ मे १९६४ रोजी पोप सहावे पॉल यांनी कलावंतांना सिस्टाइन चॅपेलमध्ये बोलाविले. त्यांना उपदेशाचे चार शब्द ऐकविणे सोपे होते. उलट त्यांनी ख्रिस्तसभेच्या वतीने क्षमा मागितली. आपण तुमच्यावर अनुकरणाचे ओझे लादले, तुमची नवी भाषा समजून घेतली नाही, अशी कबुली दिली. त्यानंतर १९७३ साली व्हॅटिकन संग्रहालयांत आधुनिक धार्मिक कलेचे दालन त्यांच्याच हस्ते खुले झाले. आधी ऐकले, म्हणून पुढे भिंत मिळाली!

हे झाले परदेशाचे आणि धर्मपीठाचे. आपल्या मुंबईतही अशाच एका बोलण्याने मोठा प्रश्न उभा केला. फोर्टमधील सर कावसजी जहांगीर हॉल हे सभागृह १९११ साली उभे राहिले. सभा, भाषणे, संगीताच्या मैफली यांसाठी ते प्रसिद्ध होते. १९९६ पासून तेथे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. ८ फेब्रुवारी २०१९ रोजी तेथे प्रभाकर बरवे (१९३६-१९९५) यांच्या चित्रांचे सिंहावलोकन करणाऱ्या प्रदर्शनाचे उद्घाटन झाले. बरवे म्हणजे 'कोरा कॅनव्हास' हे पुस्तक मराठीत लिहिणारे चिंतनशील चित्रकार. वक्त्यांमध्ये अमोल पालेकर होते. रंगभूमी आणि चित्रपट यांमुळे ते घरोघरी परिचित असले तरी मुळात जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे विद्यार्थी. संग्रहालयाच्या स्थानिक कलावंतांच्या सल्लागार समित्या आता राहिल्या नाहीत आणि प्रदर्शनांचे निर्णय दिल्लीतून होणार, या विषयावर ते बोलू लागताच त्यांना व्यासपीठावरून थांबविण्यात आले. बरव्यांपुरतेच बोला, असे त्यांना सांगितले गेले. भाषण अर्धवट राहिले.

यजमानांची बाजू अगदीच टाकाऊ नव्हे. बरव्यांचा दिवस बरव्यांचाच असावा, हे म्हणणे कोणालाही पटेल. मयताच्या मिस्सेत कुणी गावकीचे भांडण काढले तर आम्हांलाही ते खटकते. परंतु आमच्या निकषावर हा प्रसंग घासून पाहिला की निर्णय वेगळा होतो. या भिंतींवर काय लागावे हे कोण ठरविते, ही गोष्ट चित्र पाहून कुणालाही कळणार नाही. ती सांगावीच लागते. बरव्यांचे प्रदर्शन तरी कुणाच्या निवडीने त्या भिंतींवर आले होते? म्हणजे पालेकर विषय सोडून गेले नव्हते, ते विषयाच्या मुळाशी गेले होते. त्या दिवसांत सुधीर पटवर्धन आणि मेहेली गोभई यांच्या नियोजित प्रदर्शनांविषयीही साशंकता होती. पुढे पटवर्धनांचे प्रदर्शन त्याच वास्तूत २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये आणि गोभईंचे २०२० च्या मार्चमध्ये भरले. भीती होती तसे झाले नाही, याचा आनंदच आहे. मग त्याच सभेत उठून तसे आश्वासन देता आले नसते काय? पाच मिनिटांच्या उत्तराने जे मिटले असते ते वक्त्याला अडविल्याने देशभर गाजले. पाहुण्याला बोलावून त्याच्या तोंडावर हात ठेवणे ही आपल्या अंगणाची रीत नव्हे. आणि ज्या वास्तूचा जन्मच लोकांच्या बोलण्यासाठी झाला तेथे तर नव्हेच नव्हे.

बोलण्याचा अधिकार कुणाला, या प्रश्नाचे आणखी एक उत्तर २०२४ साली व्हेनिसमध्ये मिळाले. तेथील जगप्रसिद्ध कलाप्रदर्शनात, म्हणजे बिएनालेत, व्हॅटिकनने आपले दालन मांडले ते ज्युदेक्का बेटावरील स्त्रियांच्या तुरुंगात! 'माझ्या डोळ्यांनी' असे त्याचे नाव. तुरुंगाच्या चॅपेलच्या दर्शनी भिंतीवर मौरिझिओ कातेलान यांनी अनवाणी पावलांचे प्रचंड चित्र लावले होते. पाहुण्यांनी दारातच मोबाइल ठेवायचा आणि आत जायचे. आत कलाकृती दाखवून त्यांविषयी सांगण्याचे काम कुणी विद्वान करीत नव्हता. शिक्षा भोगणाऱ्या स्त्रियाच मार्गदर्शक झाल्या होत्या. कलावंतांनीही त्यांचे आधी ऐकले होते. सिमोन फत्ताल यांनी त्या स्त्रियांनी लिहिलेले शब्द लाव्हाच्या दगडी फलकांवर उतरविले होते. क्लेअर ताबुरे यांनी त्यांच्या मुलाबाळांच्या छायाचित्रांवरून चित्रे रंगविली होती. २८ एप्रिल २०२४ रोजी पोप फ्रान्सिस तेथे गेले. बिएनालेला भेट देणारे ते पहिलेच पोप. आता ते आपल्यात नाहीत. पण त्या दिवशी प्रथम स्त्रियांना भेटून मग कलावंतांशी बोलण्याचा जो क्रम त्यांनी पाळला, तो आम्हांला अर्थपूर्ण वाटतो.

ज्युदेक्काच्या त्या मार्गदर्शक स्त्रियांना कलेच्या परिभाषेतले मोठमोठे शब्द लागले नसतील. आमच्याकडील कलाविषयक व्याख्यानांत मात्र या शब्दांचे भारी पीक असते. अशा कार्यक्रमांना हजर राहताना आमच्या ध्यानात येते की, वक्ता जितका चित्राकडे पाठ करून उभा राहतो तितकी त्याची भाषा कठीण होत जाते. श्रोते माना डोलावतात, चहा घेतात आणि चित्राकडे न पाहताच घरी जातात. हे पाहिले की आमच्याच पेशातील काही प्रवचने आठवतात! श्रोता कार्यक्रमानंतर वळून चित्राजवळ गेला की नाही, यावरून त्या कार्यक्रमाचे यश मोजावे, हे आमचे नम्र मत आहे. टाळ्यांवरून ते कळत नाही.

आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबांना या साऱ्याचे काय, असे कुणी विचारील. आपली मुलेमुली आज कलामहाविद्यालयांत शिकतात. सुटीत शाळांच्या सहली फोर्टमधील संग्रहालयांत जातात. आपल्या चर्चमध्ये नव्या वेद्या आणि नवी क्रूसाची वाट होत असते. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी कलाकृतीपुढे उभे राहून बोलणार आहे. शिक्षक बोलतील, आईवडील बोलतील, आम्ही धर्मगुरूही बोलू. तेव्हा एवढे पथ्य पाळता येईल. मुलांना चित्रापुढे नेल्यावर प्रथम दहा मिनिटे त्यांना काही सांगू नये. मग त्यांनी काय पाहिले ते विचारावे. त्यानंतर त्यांना ठाऊक असणे शक्य नाही तेवढेच सांगावे. आणि चर्चमध्ये नवी मूर्ती किंवा नवे चित्र बसवायचे असेल, तर धर्मग्राम समितीने मत देण्याआधी चित्रकाराला एका रविवारी मिस्सेनंतर लोकांसमोर बोलवावे, त्याचे म्हणणे ऐकावे, लोकांना प्रश्न विचारू द्यावेत. यासाठी संग्रहालय लागत नाही. सभागृहातील बाके आणि थोडा वेळ पुरतो.